नावे वाचणारे आर्चबिशप

धर्म कुणाच्या बाजूने उभा राहतो, हा प्रश्न आम्ही प्रत्येक धर्माला विचारतो. एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील छोट्या देशात एका ख्रिस्ती धर्मगुरूने या प्रश्नाचे उत्तर स्वतःचा जीव देऊन दिले. त्यांचे नाव ओस्कार रोमेरो.

जन्म १५ ऑगस्ट १९१७, डोंगरातल्या एका गावात. लहानपणी ते सुतारकाम शिकले, पुढे रोमला शिकून १९४२ साली धर्मगुरू झाले. देशातली कॉफीची जमीन मोजक्या घराण्यांच्या ताब्यात आणि ती कसणारा मजूर उपाशी. १९३२ साली मजुरांनी उठाव केला, तेव्हा लष्कराने हजारोंची कत्तल केली होती.

१९६८ साली लॅटिन अमेरिकेतले बिशप कोलंबियातल्या मेडेलिन शहरात जमले. गरिबी नशिबाने येत नाही, ती अन्यायी व्यवस्थेतून येते, अशी भूमिका तिथे घेतली गेली. या विचाराला पुढे मुक्तीचे धर्मशास्त्र म्हणू लागले. रोमेरो मात्र त्याकडे संशयानेच पाहत. म्हणूनच फेब्रुवारी १९७७ मध्ये ते राजधानीचे आर्चबिशप झाले, तेव्हा श्रीमंतांना हायसे वाटले आणि गरिबांत काम करणारे पाद्री निराश झाले.

महिनाही उलटला नव्हता. १२ मार्चला त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांना रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. सोबतचा एक म्हातारा आणि एक मुलगाही मारला गेला. ऊसमजुरांना संघटित करणे, हाच ग्रांदे यांचा गुन्हा. त्या रात्री रोमेरो तिन्ही मृतदेहांजवळ गेले. वयाच्या ५९ व्या वर्षी हा माणूस बदलला. चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभांना जायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि ते पाळले.

पुढे दर रविवारी ते प्रवचनात त्या आठवड्यात मारलेल्या, बेपत्ता झालेल्या माणसांची नावे वाचत. चर्चच्या रेडिओवरून ती देशभर ऐकू जात. वर्तमानपत्रे गप्प होती, म्हणून लोक रेडिओभोवती बसत. रेडिओ केंद्रावर बॉम्बहल्ला झाला. बहुतेक सहकारी बिशप विरोधात गेले. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत थांबवायला सांगितले. २३ मार्चला त्यांनी सैनिकांना आवाहन केले, की आपल्याच लोकांना मारण्याचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी एका रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात उपासना चालू असताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली.

त्यानंतरच्या गृहयुद्धात सुमारे ७५ हजार माणसे मेली. एका माजी लष्करी अधिकाऱ्याने खुनाचा आदेश दिला, असा निष्कर्ष १९९३ साली सत्यशोधन आयोगाने काढला. तरी देशातल्या न्यायालयात कुणालाही शिक्षा झाली नाही. आज २४ मार्च हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघ पीडितांच्या सत्य जाणण्याच्या हक्कासाठी पाळतो.

मित्रांनो, रोमेरोंचा धर्म आमचा नाही, पण त्यांची पद्धत आम्ही घेऊ शकतो. अत्याचार झाला की आम्ही मोर्चा काढतो, घोषणा देतो आणि काही महिन्यांत पीडिताचे नाव विसरतो. नाव, गाव, तारीख लिहून ठेवा, दरवर्षी जाहीरपणे वाचा. आणि आज जो कुंपणावर बसला आहे, त्याला कायमचा शत्रू ठरवू नका. रोमेरोही कधीकाळी तिथेच बसले होते.