मालगुडी उभे करणारा माणूस

आमच्या भोकरला रेल्वेस्टेशन आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण ‘मालगुडी डेज’ पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते गाव मला मुळीच परके वाटले नाही. मी पाहिली ती अर्थात पुनःप्रसारणात. मूळ मालिका १९८७ सालची, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. स्वामीचे उद्योग पाहून पोट धरून हसलो. ही मालिका करणारे शंकर नाग १९९० मध्येच गेले, हे मागाहून कळले आणि मन चरकले.

त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, उत्तर कन्नड जिल्ह्यातला. तरुणपणी ते मुंबईस आले आणि मराठी रंगभूमीवर रमले. चापेकर बंधूंवरील ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक आहे? पुढे गिरीश कार्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ने त्यांना कन्नड पडद्यावर नेले आणि ‘ऑटो राजा’ने रिक्षावाल्यांच्या गळ्यातला ताईत केले.

आर. के. नारायण यांच्या कथांवर मालिका करताना त्यांनी आगुंबे गावाचेच मालगुडी केले. स्वामी झाला मास्टर मंजुनाथ, वडील झाले कार्नाड, रेखाचित्रे आर. के. लक्ष्मण यांची.

आता थोडे पैशांविषयी. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला तो विषय वर्ज्य नसावा! १९८४ च्या ‘हमलोग’पासून दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले. खर्चाचा भार प्रायोजकाने उचलायचा, बदल्यात त्याला जाहिरातीची वेळ मिळायची. पुनःप्रसारणाचा हिशेब याहून सोपा. चित्रीकरण नाही, सेट नाही. थोड्या जाहिराती मिळाल्या तरी भागते. म्हणून वाहिन्या जुन्या मालिका पुन्हा पुन्हा काढतात. त्यात प्रेमापेक्षा काटकसरच अधिक, असे मला वाटते. पण त्या काटकसरीमुळेच स्वामी माझ्यापर्यंत पोहोचला, हेही नाकारता येत नाही.

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगिरीजवळ मोटार अपघातात शंकर नाग गेले. वय अवघे पस्तीस. त्याच अपघातातून वाचलेल्या पत्नी अरुंधती यांनी २००४ मध्ये बंगळूरला ‘रंग शंकरा’ हे नाट्यगृह उभे केले.

परवा धाकट्या भावाला स्वामीचे भाग दाखवले. ते संपल्यावर, हे काका आता नवीन काय काढणार आहेत, असे त्याने विचारले. मी काहीच बोललो नाही, पहिला भाग पुन्हा लावला.