डिझेल हे तेलाचं नव्हे, माणसाचं नाव : रुडॉल्फ डिझेलची गोष्ट

वसई : अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची मच्छीमार बोट, विरार फाट्यावरून भाजी घेऊन निघालेला टेम्पो, शेतातला ट्रॅक्टर आणि दारातली नवी कार, या सगळ्यांच्या टाकीत डिझेल जातं. पण डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री हा माणूस भर समुद्रात जहाजावरून नाहीसा झाला. जगाला इंजिन देऊन गेला, पण त्यातली काजळी मागे राहिली. आज बीएस-६ डिझेल गाडीच्या मालकाला ज्या फिल्टरची काळजी घ्यावी लागते, तो याच काजळीसाठी आहे.

युद्धानं घर सोडायला लावलं

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मात्र शिक्षणासाठी जर्मनीत आउग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे धाडलं. पोरगं हुशार निघालं. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत तो शिकला. तिथं त्याला कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक भेटले. बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांत त्यांचं मोठं नाव होतं. शिक्षण झाल्यावर रुडॉल्फ त्यांच्याच कामात लागला.

तो काळ वाफेच्या इंजिनांचा. त्यात जळलेल्या कोळशाची बहुतेक उष्णता फुकट जायची. शिवाय ती यंत्रं मोठ्या कारखानदारालाच परवडायची. छोट्या कारागिराला परवडेल, कमी इंधनात चालेल असं इंजिन करायचं, हे रुडॉल्फनं मनात धरलं. अमोनियाच्या वाफेवर त्यानं आधी प्रयोग केले. त्यात स्फोट होऊन तो जबर जखमी झाला, पण नाद काही सुटला नाही.

ठिणगीशिवाय पेटणारं इंजिन

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. रुडॉल्फनं नेमकं हेच धरलं. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की तीत इंधन सोडताच ते आपोआप पेटावं, ठिणगीची गरजच नको. १८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप कंपनी यांनी पैसा लावला.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब इतका वाढला की दाब मोजायचं उपकरणच फुटलं. तरी हवा दाबून इंधन पेटतं हे सिद्ध झालं. पुढची साडेतीन वर्षं दुरुस्त्या आणि चाचण्यांत गेली. १७ फेब्रुवारी १८९७ च्या अधिकृत चाचणीत या इंजिनानं इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे कितीतरी जास्त होतं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असं एक इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. शेतकऱ्यानं आपल्याच शेतातल्या तेलावर इंजिन चालवावं, ही कल्पना रुडॉल्फला नंतर फार पटली होती.

नाव झालं, पैसा गेला

कारखाने, वीजघरं, जहाजं, सगळीकडे हे इंजिन पोहोचलं. रुडॉल्फ श्रीमंत झाला. पण पेटंटची भांडणं, ढासळलेली तब्येत आणि चुकीची गुंतवणूक यांत पैसा संपत गेला. १९१३ मध्ये तो कर्जात बुडालेला होता. बेल्जियमहून इंग्लंडला जाताना ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर रात्री जेवून तो खोलीकडे गेला. सकाळी अंथरूण जसंच्या तसं होतं. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू मुलानं ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. वय अवघं ५५.

डिझेल कार त्याला बघायलाच मिळाली नाही. त्याचं इंजिन फार अवजड होतं. १९२७ मध्ये बॉश कंपनीनं इंधन फवारणारा छोटा पंप बाजारात आणला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल कार आली. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन विहिरीवर पोहोचलं. छोट्या माणसाच्या हाती इंजिन द्यायचं रुडॉल्फचं स्वप्न इथल्या शेतात खरं झालं.

काजळी आज कुठे जाते?

ज्या दाबामुळे आणि उष्णतेमुळे डिझेल इंजिन कमी पितं, त्याच उष्णतेत नायट्रोजनचे विषारी वायू तयार होतात. इंधनाचा जो थेंब पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते. ती फुप्फुसात खोल जाते. म्हणून १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम आले. नव्या डिझेल कारच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. बऱ्याच गाड्यांत ॲडब्लू नावाचं युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते विषारी वायूचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर करतं.

डीपीएफमधली काजळी जळायला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. घर ते वसई रोड स्टेशन, परत घर, एवढीच गाडी रोज फिरली तर ती उष्णता येतच नाही आणि फिल्टर तुंबतो. मालकानं अधूनमधून, रस्ता मोकळा असताना, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या दिशेनं वीसेक मिनिटं एकसारख्या वेगात गाडी चालवावी. फिल्टरचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे करावं. दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठावं. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच टाकावं, कारण चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळत नाही.

शेतातला युरिया पाण्यात कालवून ॲडब्लूच्या टाकीत कधीही टाकू नये. ॲडब्लू डिझेलच्या टाकीत तर मुळीच नको. काही जण खर्च वाचवायला फिल्टरच कापून काढतात. ते कायद्यात बसत नाही, आणि तो धूर शेवटी आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो.

रोजचं जाणं-येणं दोन-चार किलोमीटरचंच असेल, तर डिझेल कार घेण्याआधी दहादा विचार करावा. इंधन वाया जाऊ नये म्हणून रुडॉल्फनं आयुष्य खर्ची घातलं. त्याचं इंजिन लांब पल्ल्याला आणि जड ओझ्यालाच शोभतं.