पेशीच्या वाड्याची दिंडी

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमल समर्थ यांनी यातले एकही केले नाही. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या या मुलीचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेतून ती फर्ग्युसनमध्ये गेली आणि वनस्पती व प्राणिशास्त्रात रमली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तिने सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे अभ्यासली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झाले आणि पुण्याची कमल समर्थ मुंबईची कमल रणदिवे झाली.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करता करता डॉ. वसंतराव खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या ऊतीसंवर्धन शिकायला अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता, काचेच्या नळीत वाढवल्या गेल्या. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी मात्र आजही जगभर वाढताहेत.

शरीराबाहेर पेशी जगवायची म्हणजे तिला खाऊ काय घालायचे, हा पहिला प्रश्न. एका पेशीच्या दोन पेशी होताना डीएनएची संपूर्ण नक्कल काढावी लागते. त्या डीएनएची अक्षरे म्हणजे ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन हे चार बेस. पेशी ते स्वतः घडवते किंवा बाहेरून तयार उचलते. पण तिच्याभोवतीचे पटल स्निग्ध पदार्थांचे, त्यातून हे बेस सहजी आत शिरत नाहीत. आपल्या जुन्या वाड्यांचा मोठा दरवाजा रात्री बंद झाला की ये-जा दिंडीतून होई, तसे पेशीचे आहे. पटलात बसवलेली खास प्रथिने ही तिची दिंडी. काही दिंड्या जिकडे साठा जास्त तिकडून कमी असलेल्या बाजूला माल जाऊ देतात; काही मात्र आत शिरणाऱ्या सोडियमचा जोर वापरून, आत साठा असला तरी आणखी ओढून घेतात.

वाड्यात फितूर घुसवावा तसा या ये-जा करण्याचा उपयोग औषधांनी केला. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी घडवलेले मर्कॅप्टोप्युरिन हे खऱ्या बेससारखे दिसते. पेशी त्याला आपले समजते आणि तिथेच फसते. तिचे विभाजन अडते. १९५३ पासून रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ते देण्यात येऊ लागले.

परतल्यावर रणदिवेबाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती या प्रकारची पहिली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पेशींच्या वाढीसाठी लागणारी पोषक द्रावणे इथेच तयार केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, हॉर्मोन आणि विषाणू यांच्याशी काय संबंध, याचा शोध त्यांनी उंदरांवर घेतला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या.

कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांचे काम होते. हा जंतू मोठा हट्टी. काचेच्या भांड्यात तो आजही वाढवता येत नाही. २००१ मध्ये त्याच्या जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा निम्म्याहून कमी भाग कामाचा निघाला. स्वतःचे बरेचसे घर मोडून तो यजमान पेशीच्या घरात, तिच्या पुरवठ्यावर राहतो. काय घालावे म्हणजे तो वाढेल, हे कोडे अजून सुटलेले नाही.

१९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पण मानाच्या खुर्चीत त्या विसावल्या नाहीत. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या राजूर-अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी हाती घेतली. पेशीला बेस घडवायला फोलेट लागते, ते पालेभाज्यांतून मिळते. ते कमी पडले तर रक्तच नीट तयार होत नाही. काचेच्या भांड्यातल्या पेशीला काय मिळते याचा हिशेब आयुष्यभर ठेवणाऱ्या बाई डोंगरातल्या मुलाच्या ताटापाशी पोहोचल्या, यात नवल नाही. २००१ मध्ये त्या गेल्या. वडिलांना हवी होती तशी डॉक्टर त्या झाल्या नाहीत. रोगी मात्र त्यांच्या नजरेआड कधीच झाला नाही.