नकारातून मिळालेले दान



संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्या वसईत लहान-थोर सर्वांच्या ओठांवर आहे. त्यांचे हौतात्म्य आपण दरवर्षी आठवतो; पण त्याआधी त्यांच्या पदरी आलेली निराशा आपण सहसा आठवत नाही.

गोन्सालोंचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की, ते लोकांना सहज धर्मशिक्षण देऊ लागले. येशूसंघात आपलाही स्वीकार व्हावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. वर्षे गेली, पण प्रवेश मिळाला नाही.

दुखावलेल्या मनाने ते व्यापारात शिरले. तिथे यश आले, पैसा आला. पण मन रमले नाही. पुढे फिलिपाईन्समधील मनिला शहरी फ्रान्सिस्कन संघाने त्यांना साध्या धर्मबंधूचा झगा दिला. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कन मंडळी जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे निघाली, तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता. नकार पदरी येण्याआधी शिकलेली ती भाषाच आता देवाच्या कामी आली. क्योतोत गरिबांची व कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून संशय वाढला आणि अटकसत्र सुरू झाले. जानेवारी १५९७ मध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारीला तिथल्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत अगदी कोवळी मुलेही होती. आणि पॉल मिकींसह तीन येशूसंघीयही होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते, त्याच संघाचे बंधू शेवटच्या घडीला त्यांच्या सोबतीला होते.

१८६२ साली पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

बंधू-भगिनींनो, मुलाला प्रवेश नाकारला जातो, ठरलेले लग्न मोडते, हातची नोकरी जाते. अशा वेळी, यातून चांगलेच होईल, असे दुसऱ्याला सांगणे सोपे असते. गोन्सालोंना ते कोणी सांगितले असते, तरी तेव्हा पटले नसते. देवाची योजना त्यांना आधी दिसली नव्हती. त्यांनी एवढेच केले, मन कडू होऊ दिले नाही आणि पुढचे दार ठोठावले. या आठवड्यात आपल्या शेजारी असा कोणी निराश झालेला असेल, तर त्याला उपदेश न करता त्याच्यापाशी थोडा वेळ बसू या.

संत गोन्सालो, आम्हांसाठी विनंती कर.