मिक्सरने उलगडले आनुवंशिकतेचे गूढ

सजीवांचे गुणधर्म एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे नेमके कोण नेते, या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांना भंडावून सोडले होते. बहुतेकांचा कौल प्रथिनांच्या बाजूने होता. १९४४मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी यांनी डीएनएच्या बाजूने पुरावा मांडला; तरीही अनेकांची शंका फिटली नव्हती. ती दूर करण्यात मोठा वाटा उचलला तो आल्फ्रेड हर्शी या मितभाषी अमेरिकी संशोधकाने.

मिशिगन राज्यातील ओवोसो येथे ४ डिसेंबर १९०८ रोजी हर्शी यांचा जन्म झाला. १९३४मध्ये डॉक्टरेट मिळवून ते सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाले. तेथेच जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफाजचा, त्यांना ध्यास लागला. १९५०मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आले.

या विषाणूची रचना साधी आहे. प्रथिनांचे डोके, त्यात ठासून भरलेला डीएनए आणि खाली शेपटी. १९५२मध्ये हर्शी आणि त्यांच्या विशीतील सहकारी मार्था चेस यांनी काही विषाणूंच्या प्रथिनांना किरणोत्सारी गंधकाची, तर काहींच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण दिली. विषाणू जिवाणूंना चिकटताच ते मिश्रण स्वयंपाकघरात असतो तशा मिक्सरमध्ये घुसळले. गंधक बहुतांशी रिकाम्या कवचांबरोबर बाहेर पडले. फॉस्फरस मात्र बराचसा जिवाणूतच राहिला आणि विषाणूंच्या पुढच्या पिढीतही उतरला. थोडे गंधक आत राहत असल्याने हर्शी यांनी निष्कर्ष सावधपणेच मांडला. पुढच्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना उलगडली आणि प्रथिनांची बाजू मागे पडली.

हर्शी तेथे थांबले नाहीत. डोक्याहून शेकडो पट लांब असलेला हा धागा अखंड असतो की तुकड्यांचा, या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला. तो एकच अखंड रेणू असल्याचे सिद्ध होण्यात त्यांच्या कामाचा मोलाचा हातभार लागला. लॅम्डा या विषाणूच्या डीएनएची दोन्ही टोके परस्परांना चिकटतात, हे त्यांच्या गटाने १९६३मध्ये दाखवले. त्याचा अर्थ पुढील संशोधनातून उमगला. जिवाणूत प्रथम रिकामे डोके तयार होते. मग त्याच्या तोंडाशी असलेली प्रथिनांची सूक्ष्म मोटर ऊर्जा खर्चून डीएनए आत ढकलते. लॅम्डामध्ये एकापुढे एक जोडलेल्या प्रतींची लांब साखळी ठरलेल्या जागी कापली जाते आणि त्या कापातूनच ही चिकट टोके निर्माण होतात.

१९६९मध्ये मॅक्स डेलब्रुक आणि साल्वाडोर लुरिया यांच्यासमवेत हर्शी यांना नोबेल पुरस्कार मिळाला. मार्था चेस यांना मात्र त्यात स्थान नव्हते. प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या हर्शी यांचे २२ मे १९९७ रोजी निधन झाले. चेस २००३मध्ये निवर्तल्या. नोबेलच्या यादीत नसलेले चेस यांचे नाव पाठ्यपुस्तकांनी मात्र जपले आहे. तो प्रयोग आजही हर्शी-चेस प्रयोग म्हणूनच शिकवला जातो.