बेथलेहेम या नावाचा अर्थ व पंडिता रमाबाई

तळेगावास श्यामजी पंत ही जोड का लागली, हे आमच्या वर्धा जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. तळेगावे पुष्कळ, पुण्याकडे दाभाड्यांचे, अमरावतीकडे दशासर. शास्त्रातील बेथलेहेमाचेही तसेच आहे. जबुलूनाच्या वतनात दुसरे बेथलेहेम होते (यहोशवा 19:15), म्हणून दाविदाच्या गावास यहूदातील बेथलेहेम किंवा बेथलेहेम एफ्राथा म्हणत.

इब्री भाषेत बेथ म्हणजे घर व लेहेम म्हणजे भाकर, अन्न. तळे व गाव हे शब्द जसे प्रत्ययावाचून जोडले, तसेच हे दोन. भेद इतकाच की इब्रीत घर आधी येते आणि ते कशाचे, हे मागून. अरबीत तोच शब्द मांस या अर्थी आहे. कित्येक विद्वान त्यात लहामू नामक प्राचीन देवतेचे नाव पाहतात. परंतु आम्हांस पहिलाच अर्थ सरळ दिसतो. तेथील शिवारात जव व गहू पिकत, हे रूथचे पुस्तक वाचणारास ठाऊक आहे. त्याच पुस्तकाच्या आरंभी मात्र भाकरीच्या घरातच दुष्काळ पडला असून अलीमलेख बायकामुलांसह मवाबास निघाला आहे.

हा दुष्काळ रमाबाईंस पुस्तकातून शिकावा लागला नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या 1858 साली जन्मली. 1874 च्या सुमारास तीर्थोतीर्थी हिंडत असता अन्नावाचून आईबाप गेले, मागोमाग वडील बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांजबरोबर बाई पायी फिरत 1878 साली कलकत्त्यास पोचल्या व तेथे पंडिता आणि सरस्वती या पदव्या पावल्या. 1882 साली वैधव्य, 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईस शारदा सदन, हा वृत्तांत आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा सांगितला जातो. येथे विस्तार नको.

1896-97 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. वर्धा जिल्हा त्या काळी त्याच प्रांतात होता. बाई स्वतः त्या प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींस सोडवून आणू लागल्या. पुण्यात एवढ्यांची सोय होईना, तेव्हा केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात तेथे आणखी शेकडो जणी आल्या.

या मुलींस वाचता आले तरी छापील मराठी शास्त्र कळत नसे. त्यातील भाषा संस्कृतप्रचुर. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचे, त्याच बाईंनी ती भाषा खेड्यातील स्त्रीसाठी बाजूस ठेवावी, याचे आम्हांस फार नवल वाटते. उतारवयाकडे झुकत असता त्या इब्री व हेल्लेणी भाषा शिकल्या आणि मुळावरून संपूर्ण शास्त्राचे सोपे भाषांतर करावयास बसल्या. हे काम बारा वर्षांहून अधिक चालले. 1921 च्या जुलैत एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी लेखणी थांबली नाही. 5 एप्रिल 1922 रोजी बाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले. त्यांत दुष्काळातून आणलेल्याही होत्या.