जयबा मुकणे : कातड्यात मावलेली राजधानी

डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणाऱ्या आणि जमीन थकली की दुसरा उतार धरणाऱ्या माणसांना राजधानी कशाला लागते? जव्हार-मोखाड्याच्या वाटा तुडवताना मला हा प्रश्न हटकून पडतो, आणि त्याबरोबर जयबा मुकणे आठवतो.

थळघाटाजवळ मुकणे नावाचे गाव आहे. तिथल्या मातीच्या गढीचा हा महादेव कोळी नाईक. काळ चौदाव्या शतकाच्या आरंभीचा. देवगिरीच्या यादवांची सत्ता १२९४ पासून खिळखिळी होत होती, १३१८ मध्ये ती संपली. अशा वेळी घाटवाटा ज्याच्या हातात, तोच खरा धनी. घराण्याची परंपरा सांगते की पिंपरीच्या देवस्थानी पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. मग त्याने माणसे जमवली, पेठ आणि धरमपूर पालथे घातले, सुरतेपर्यंत मजल मारली आणि पुढे काठेवाडात सात वर्षे काढली. तिथे त्याने काय केले, याबद्दल परंपरा गप्प आहे. पण बंदरे, पेठा आणि जकातीची नाकी यांच्या प्रदेशात सात वर्षे राहिलेला माणूस रिकाम्या डोक्याने परतला असेल, असे मला वाटत नाही.

परतल्यावर तो जव्हारच्या वारली राजाकडे गेला आणि बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा त्याने मागितली. राजाने हसत होकार दिला असावा. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात राजाची गढीच घेतली! वारली राजाला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख मिळाला. जव्हार जयबाचे झाले. (आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कार्थेज नगरीच्या राणीचीही हीच गोष्ट सांगतात. काठेवाडच्या खलाशांकडून ती इकडे आली असेल का, कोण जाणे.)

आपण ही कथा चतुराईची म्हणून पोराबाळांना सांगतो. मला तिच्यात वारली राजाची बाजू अधिक दिसते. ज्याची शेती दर काही वर्षांनी जागा बदलते, त्याला जमिनीभोवती दोरी फिरवण्याची कल्पना सुचणार कशी? तो भोळा नव्हता; त्याचा हिशेब निराळा होता.

दूर कझाकांच्या गवताळ मुलखातही असेच घडत होते. मेंढ्या-घोडे घेऊन वर्षभर फिरणाऱ्या त्या लोकांना सिर दर्याकाठची सिघनाक, सौरान, ओत्रार ही शहरे हवी असत. धान्य आणि कापड तिथेच मिळे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत त्यांचे खान या शहरांसाठी पिढ्यान् पिढ्या लढले. ज्याच्या हाती शहर, त्याच्या हाती कर. जव्हारचे गणितही फार वेगळे नसावे. डोंगरात मीठ पिकत नाही, कोयत्याचे लोखंडही निघत नाही; ते किनाऱ्याकडून किंवा घाटावरून यायचे. ती देवघेव ज्या ठिकाणी व्हायची, त्याला राजाचे संरक्षण लागे आणि राजाला तिथला पैसा.

जयबामागून त्याचा थोरला मुलगा धुळबाराव गादीवर आला. ५ जून १३४३ रोजी महंमद तुघलकाने त्याला निमशाह ही पदवी दिली. त्याच्याकडे २२ किल्ले आणि ९ लाखांचा मुलूख होता, असे सांगतात. गढीतल्या नाईकाचे घराणे एका पिढीत दिल्लीदरबाराच्या कागदावर आले. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले, तेव्हा १७ लाखांचा खजिना हाती लागला. नागलीच्या शेतांतून एवढे द्रव्य साठते थोडेच? ते वाटांचे धन होते.

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. यशवंतराव मुकणे हे शेवटचे राजे. त्यांचा जयविलास राजवाडा पाहायला आजही माणसे गाडीने येतात. पण दिवाळी सरली की जव्हारच्या एस. टी. स्थानकावर दुसरीच गर्दी दिसते. पाठीवर बोचकी, कडेवर पोरे आणि हातात भांड्यांची पिशवी घेऊन वारली, कातकरी, कोळी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाच्या तोंडावर ती परततात, ती थेट आपापल्या पाड्यांवर, भाताच्या राबासाठी.